सातवी ‘ब’ची आरोग्यमंत्री

आमच्या घरात हळू बोलायची पद्धतच नव्हती. बाबा भिवंडीत पॉवरलूमच्या कारखान्यात जॉबर होते, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करायचं त्यांचं काम, आणि त्या खडखडाटात उमेदीची वर्षं गेल्यामुळे माणसाचा साधा आवाज त्यांच्या कानापर्यंत पोचत नसे. त्यामुळे “चहा टाकू का?” हेसुद्धा आई अशा आवाजात विचारायची, की ऐकणाऱ्याला वाटावं घराला आग लागली आहे. शेजारच्या खोल्यांतल्या बायकांची अशी पक्की समजूत होती, की आमच्याकडे सकाळ-संध्याकाळ भांडणं चालतात. खरं तर भांडण झालं की आमच्याकडे एकदम शांतता पसरायची, कारण आई बोलणंच बंद करायची. ती दोन दिवसांची शांतता मग आत्या मोडायची. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर पडघ्याहून आमच्याकडे आली, ती कायमची. दाराशी चरखा मांडून ती दिवसभर मागावर लागणाऱ्या सुताच्या कांड्या भरायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारायची. तिच्या हातची सुकट आणि तांदळाची भाकरी ज्याने खाल्ली नाही त्याच्या जन्माची मला अजूनही कीव येते. आई वालाचं बिरडं चांगलं करायची, पण आत्याच्या मते ते जेवण नव्हतंच. “मासली न्हाय तं जेवान कसला?” असं म्हणत ती ताटाच्या कडेला एक भाजलेला बोंबील ठेवायची आणि जेवण पावन करून घ्यायची.

आत्याच्या चरख्यातून, खालच्या गल्लीतल्या लूममधून, पलीकडच्या गल्लीतल्या लूममधून कापसाचं बारीक तूस उडायचं. ते कुठे नसायचं? वाळत घातलेल्या पापडांवर, देवांच्या तसबिरींवर, दुधाच्या सायीवर, सकाळी उठल्यावर आपल्याच भुवयांवर. बाहेरगावचे पाहुणे आले की तासाभरात शिंकायला लागायचे आणि आम्ही समजूतदारपणे त्यांना रुमाल द्यायचो. आमच्या गावात कुणी शिंकलं तर दुसरा ‘सत्य’ म्हणत नसे. म्हटलं असतं तर दिवसभर दुसरं काही बोलताच आलं नसतं. अख्खं गाव खोकत होतं आणि कुणी आजारी नव्हतं. अशा गावात शाळेच्या मोठ्या बाईंना फ्लूच्या साथीशी लढायचं होतं.

साथ आधी ठाणे-कल्याणच्या शाळांत आली आणि मग आमच्याकडे. रोज वर्गातली चारदोन बाकं रिकामी दिसू लागली. मुख्याध्यापिकांना आम्ही मोठ्या बाई म्हणायचो. त्या उंचीने लहान होत्या, पण त्यांचा धाक मोठा होता आणि सूचनांवर त्यांचं फार प्रेम होतं. नगरपालिकेकडून एक पत्रक आलं, त्यात पहिलंच वाक्य होतं, गर्दी टाळा. हे वाक्य सगळ्या मुलांपर्यंत पोचलं पाहिजे म्हणून बाईंनी पहिली ते दहावीच्या सगळ्या वर्गांना पटांगणात जमवलं, आणि पाठीमागच्यांना ऐकू येत नाही म्हणून आम्हाला आणखी पुढे, एकमेकांच्या मांडीला मांडी लावून बसायला सांगितलं. तासभर त्यांनी गर्दीचे धोके समजावले. आमच्या मधोमध चौथीतला कुणीतरी सतत शिंकत होता. त्याला उठून जायची परवानगी मिळाली नाही, कारण भाषण महत्त्वाचं होतं.

दुसऱ्या दिवसापासून उपाय सुरू झाले. प्रत्येकाच्या गळ्यात कापराची पुरचुंडी, खिशात नीलगिरीचं तेल लावलेला रुमाल. वाऱ्याबरोबर रोग आत येतो म्हणून खिडक्या बंद. शाळेत एकच थर्मामीटर होता. तो रोज संशयितांच्या तोंडातून फिरायचा, आणि दोन तोंडांच्या मध्ये मोठ्या बाई तो आपल्या पदराला पुसायच्या. परवाच्या मोठ्या साथीत, सगळं जग तोंडाला फडकी बांधून बसलं होतं तेव्हा, मला त्या पदराची फार आठवण आली. माझ्या मुलाला सांगितलं तर त्याला खोटंच वाटलं.

आता माझ्याबद्दल. आमच्या शाळेत प्रत्येक वर्गाचं मंत्रिमंडळ असायचं आणि सातवी ‘ब’ची आरोग्यमंत्री मी होते. साथ येण्यापूर्वी या पदाला काडीची किंमत नव्हती. मानाची खाती म्हणजे क्रीडा आणि सहल. आरोग्यमंत्र्याने सोमवारी सगळ्यांची नखं बघायची, शनिवारी केस बघायचे आणि उवा दिसल्या तर कुणाला न दुखावता सांगायचं. उवांची बातमी न दुखावता कशी सांगतात हे मला आजही माहीत नाही. पण साथ आली आणि रातोरात माझं खातं सगळ्यात वजनदार ठरलं. मोठ्या बाईंनी मला लाल पुठ्ठ्याची वही दिली. रोज सकाळी पहिल्या तासाआधी वर्गाची तपासणी करायची, ज्याला खोकला, सर्दी, ताप असेल त्याचं नाव वहीत लिहायचं, ती वही ऑफिसात न्यायची. ज्याचं नाव वहीत, त्याला आठ दिवस घरी.

आत्याला हे कळलं तेव्हा तिने चरखा थांबवला. हे ती शक्यतो करत नसे. “म्हंजे तू पोरांना घरी धाडू शकतंस?” तिने विचारलं. मी हो म्हटलं. “मास्तरांना पन?” मास्तरांना नाही, असं मी नाइलाजाने कबूल केलं. तरी त्या आठवड्यात पडघ्याहून भाजी घेऊन आलेल्या प्रत्येकाला तिने सांगितलं, “आमची कुंदा मंत्री हाय.” कुठल्या सरकारात, ते तिने कुणाला सांगितलं नाही.

मी मंत्री म्हणून कशी होते? वाईट होते. मला ते करायला आवडत होतं, हीच त्यातली वाईट गोष्ट. मी बाकांच्या मधून चालायला लागले की बोलणी थांबायची. मुलं हात पुढे करायची, रुमाल दाखवायची. तिसऱ्या रांगेत सगळ्या मुलांचा रुमाल निळ्या चौकड्यांचा आहे हे चौथ्या दिवशी माझ्या लक्षात आलं, आणि तो एकच रुमाल बाकाखालून पुढे-पुढे सरकतो हे पाचव्या दिवशी. मी त्यांना दम दिला. वर्गमित्राला “तुझा स्वतःचा रुमाल उद्या पाहिजे” असं बजावताना माझा आवाज अगदी मोठ्या बाईंसारखा लागला होता, आणि तो ऐकून मला बरं वाटलं होतं.

माझ्या बाकावर माझ्या शेजारी नसीम बसायची. बाबा ज्या कारखान्यात जॉबर होते तो तिच्या वडिलांचा. खाली माग, वर त्यांचं घर. तिच्या समाजातल्या बहुतेक मुली उर्दू शाळेत जायच्या, पण सेठचं, म्हणजे तिच्या वडिलांचं, म्हणणं होतं की सरकारी कागद सगळे मराठीत येतात, तेव्हा घरात एकाला तरी ते वाचता आले पाहिजेत. म्हणून नसीम आमच्या शाळेत, आणि मराठीत वर्गात पहिली. आम्ही पहिलीपासून एका बाकावर होतो. ती माझ्या डब्यातली सुकट संपवायची आणि मी तिच्या डब्यातला खिमा संपवायचे, म्हणजे दोघींच्या आया समजायच्या आपल्या मुलीला आपल्याच हातचं आवडतं. आणि ती पहिलीपासून खोकत होती. मागाच्या वरच झोपायचं, उठायचं, अभ्यास करायचा. ती खोकणार नाही तर कोण? कोरडा, छोटा, दोन ठोक्यांचा खोकला. डोळे मिटूनसुद्धा मी सांगू शकले असते की नसीम वर्गात आली.

त्या वर्षी आम्ही दोघी शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसलो होतो. आठ मुलांचा खास वर्ग काळे सर शाळा सुटल्यावर घ्यायचे. उंच, किडकिडीत माणूस, गणितावर जीव. एखाद्याने उदाहरण वेगळ्या रीतीने सोडवलं तर खडू ठेवून दोन्ही हातांनी टाळी वाजवायचे. ती टाळी बहुतेक वेळा नसीमसाठी असायची. मी दुसरी असायचे. दुसऱ्या नंबराला टाळी नसते, “छान, छान” असतं. परीक्षा जवळ आली तशी मला ते “छान, छान” ऐकवेनासं झालं. माझे बाबा तिच्या वडिलांचे माग दुरुस्त करायचे, तिला लहान झालेले फ्रॉक मला यायचे, आणि वर नंबरही तिचाच पहिला. मी हे असं शब्दांत मांडलं नव्हतं. शब्दांत मांडलं असतं तर कदाचित लाज वाटली असती.

परीक्षेला दहा दिवस राहिले होते. गुरुवारी सकाळी मी उठले तर अंग ठणकत होतं आणि घशात काटे. आत्याने केस विंचरताना मानेला हात लावला. “अगो, आंग चटका देतंय तुजा.”

“ऊन लागलं असेल,” मी म्हटलं.

“अजून सूर्य वर न्हाय आला नि ऊन लागला?”

मी तिचा हात धरला. आईला सांगू नको म्हटलं. आज मी गेले नाही तर तपासणी कोण करणार? माझं पद दुसऱ्या कुणाला देऊन टाकतील. आत्याने क्षणभर विचार केला. भाची आजारी पडलेली तिला चालली असती, पण भाचीचं मंत्रिपद गेलेलं पडघ्यात कुठल्या तोंडाने सांगणार? तिने आलं आणि गवती चहा उकळून दिला, पत्र्याच्या डब्यातली तापाची गोळी दिली, ओव्याच्या पुरचुंडीने छाती शेकली आणि आईला ओरडून सांगितलं, “पोरीचा पोट बिघडलाय, भाकर नको, पेज दे.” मी मऊ भाताची मीठ घातलेली पेज प्यायले, कापराची पुरचुंडी गळ्यात अडकवली आणि शाळेला निघाले. आरोग्यमंत्र्याची तपासणी कुणी करायची याचा नियम मोठ्या बाईंच्या पत्रकात नव्हता.

ऑफिसात बाई आधीच चिडलेल्या होत्या. सातवी ‘अ’च्या मंत्र्याने पाच नावं आणली होती. माझ्या वहीत दोन दिवस एकही नाव नव्हतं. “तुझ्या वर्गात सगळे पैलवान आहेत का?” त्यांनी विचारलं. “का डोळे मिटून तपासतेस?” मी वर्गात परत गेले. डोकं गरगरत होतं. खरंच शेंबडं नाक असलेल्या दोघांची नावं लिहिली. तेवढ्यात शेजारून ते दोन ठोके आले आणि मी तिसरं नाव लिहिलं.

नसीमला वाटलं मी गंमत करतेय. “अगो, माझं काय लिहितंस?” ती हसली. मी वही मिटली आणि म्हटलं, “नियम आहे.”

ऑफिसात तिच्या तोंडात थर्मामीटर घातला. ताप नव्हता. बाईंनी तो उजेडात दोनदा फिरवून बघितला, जणू पाऱ्याने त्यांचा अवमान केला होता. नसीम म्हणाली, “बाई, मला लूमचा खोकला हाय. नेहमीचाच.” बाई माझ्याकडे वळल्या. “कुंदा, तू हिच्या शेजारी बसतेस ना? खरं सांग. हा खोकला जुना की नवा?”

त्या खोलीतलं सगळं मला आजही दिसतं. टेबलावरची काच, काचेखाली वेळापत्रक, दारातून आत आलेलं तूस. नसीम माझ्याकडे बघत होती, अगदी निर्धास्त. तिला उत्तर माहीत होतं आणि मलाही माहीत होतं. बाई सोडून त्या खोलीत ते सगळ्यांना माहीत होतं.

“नवा,” मी म्हटलं.

 नसीमने दप्तर उचललं आणि ती शिपायाबरोबर घरी गेली. बाई म्हणाल्या, “शाब्बास. मैत्रीण असली तरी नाव लिहिलंस. याला म्हणतात दक्षता.” मी तशीच, अंगात ताप घेऊन, वर्गात जाऊन बसले. संध्याकाळी काळे सरांच्या तासालाही बसले. बाजूच्या गल्लीतल्या लूमच्या आवाजात शिकवणं ऐकू येत नसे म्हणून सर त्या खोलीच्या खिडक्या एरवीही बंद ठेवायचे, आता तर बाईंचा हुकूमच होता. आठांतली सात मुलं, सर, आणि मी आणलेला ताप, असे आम्ही दोन तास कोंडून अपूर्णांक सोडवले. त्या दिवशी एक उदाहरण मी सगळ्यांत आधी सोडवलं आणि सरांनी टाळी वाजवली. माझ्यासाठी. मला वाटलं, जिंकलं.

शनिवारी मी अंथरुणातून उठू शकले नाही. आईने कपाळाला हात लावून आत्याकडे नुसतं बघितलं आणि आमच्या घरात चार दिवसांची शांतता पसरली. सोमवारी शिष्यवृत्तीच्या वर्गातली दोन मुलं पडली, मंगळवारी आणखी तीन. बुधवारी काळे सर आले नाहीत. ताप छातीत उतरला म्हणून त्यांना ठाण्याला दवाखान्यात ठेवलं आहे अशी बातमी आली. परीक्षेच्या दिवशी आमच्या आठांपैकी तीनच जण गेलो. मी गेले, पण पेपरातली अक्षरं तुसासारखी उडत होती. मी अर्धा पेपर कोरा ठेवला. दुसरा मुलगा तासाभरात उलटी करून बाहेर गेला. तिसरी नसीम होती. आठ दिवस घरात बसून, कुणाच्या शिंकेच्या वाऱ्याला न लागता, तिने सगळी पुस्तकं दोनदा संपवली होती. ती पहिल्या बाकावर बसली होती. मधूनमधून खोकत होती.

काळे सर महिन्याभराने घरी आले. माझ्या मनाने घेतलं होतं की त्यांना मीच आजारी पाडलं. जेवण जाईना. आत्याने दृष्ट काढली, आईने जंताचं औषध दिलं. शेवटी एका रविवारी मी त्यांच्या घरी गेले. ते खाटेवर उशीला टेकून बसले होते, आधीच किडकिडीत, आता नुसता सदरा उरला होता. काकूंनी मला पाणी दिलं आणि त्या आत गेल्या. मी एका दमात सांगून टाकलं, “सर, त्या गुरुवारी मला ताप होता. तरी मी वर्गात बसले. कुणाला सांगितलं नाही.”

सरांनी आधी दाराकडे बघितलं. मग आवाज खाली आणला. “कोणत्या गुरुवारी?”

“परीक्षेच्या आधीच्या. नसीमला घरी पाठवलं त्या.”

त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं. “मला मंगळवारपासून कणकण होती,” ते म्हणाले. “म्हटलं परीक्षा तोंडावर आली, आता वर्ग बंद केला तर पोरांचं नुकसान. गोळ्या खाऊन येत होतो.” मग त्यांच्या डोळ्यांत ते गणिताचं तेज आलं. “म्हणजे बघ, मंगळवारी माझा, गुरुवारी तुझा. तुझा माझ्याकडून, की दोघांचाही तिसऱ्याकडून? हे काही सुटत नाही. एक माहिती कमी पडते.” ते हसायला लागले आणि हसता हसता खोकायला लागले. दम खाऊन म्हणाले, “हिला सांगू नकोस. हिची समजूत आहे पोरांनी मला आजारी केलं. रोज शाळेच्या नावाने बोटं मोडते. बरं वाटतं तिला.”

मी हलक्या पायांनी बाहेर पडले. तो हलकेपणा गल्लीच्या टोकापर्यंत टिकला. तिथे माझ्या लक्षात आलं की मी सरांना तापाचं सांगितलं, पण ‘नवा’ या शब्दाचं सांगितलंच नाही. तेवढं नेमकं गाळलं होतं. आणि त्यात सर भागीदार नव्हते, ते सगळं माझ्या एकटीचं होतं.

नसीम तोवर शाळेत येऊ लागली होती. बसायची माझ्याच शेजारी. ऑफिसातल्या त्या सकाळबद्दल तिने एक अक्षर काढलं नाही, आणि मी तर नाहीच नाही. मला वाटलं, विसरली. माणसाला सोयीचं असतं ते किती लवकर पटतं.

आठवीत गेल्यावर निकाल लागला. आमच्या शाळेतून शिष्यवृत्ती एकटीला, नसीमला. पंधरा ऑगस्टला झेंडावंदनानंतर मोठ्या बाईंनी भाषण केलं. त्यांनी या यशाचं कारण शोधून काढलं होतं. साथीच्या काळात शाळेने दक्षता बाळगली, संशयित विद्यार्थिनीला वेळीच घरी पाठवलं, म्हणूनच ती निरोगी राहून परीक्षा देऊ शकली. “आणि याचं श्रेय,” बाई म्हणाल्या, “मैत्री बाजूला ठेवून कर्तव्य करणाऱ्या आपल्या आरोग्यमंत्र्याला आहे.” मला व्यासपीठावर बोलावून दक्ष विद्यार्थिनीचं बक्षीस दिलं. एक नॅपकिन, एक साबणाची वडी आणि नीलगिरीच्या तेलाची बाटली. नसीम माझ्या शेजारी उभी होती, हातात प्रमाणपत्र. पटांगणात सगळी शाळा मांडीला मांडी लावून टाळ्या वाजवत होती. पुढच्या खुर्च्यांत सेठ बसले होते. त्यांनी उठून टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी.

त्याच आठवड्यात बाबा कामावरून येऊन ओरडले, “शनिवारी शाळा सुटली की कारखान्यावर ये. नसीमच्या अम्मीने बोलावलंय जेवायला.” मी पोट दुखतंय म्हटलं. त्यांना ऐकू गेलं नाही.

नसीमच्या अम्मीला मी चाची म्हणायचे. गोऱ्या, भारदस्त, बोलताना समोरच्याचा हात हातात घ्यायची सवय. त्यांनी मला जवळ बसवलं आणि ताटात सांदणं वाढली, तांदळाची, पांढरीशुभ्र, नारळाच्या दुधात भिजवलेली. “खा गो पोरी,” त्या म्हणाल्या. “सेठने मला सगळं सांगितलं. माझी एकच बेटी हाय. तू तिला घरी धाडलंस, म्हणून बचावली. नाय तर ती पन त्या मास्तरसारखी पडली असती.” एक सांदण संपलं की त्या दुसरं ठेवायच्या. मी मान खाली घालून पाच खाल्ली. नसीम समोर बसून तिचं संपवत होती, तिने वर बघितलं नाही.

निघताना चाचींनी घरी न्यायला डबा भरून दिला आणि नसीमला म्हणाल्या, “जा, खालपर्यंत सोड तिला.” जिना थेट मागांच्या मधोमध उतरायचा. दोन्हीकडे रांगेने माग चालू होते, धोटे इकडून तिकडे आदळत होते, जमीन पायाखाली थरथरत होती. दूरच्या मागापाशी बाबा वाकून पाना फिरवत होते. तिथे कुणाला कुणाचं काही ऐकू येणं शक्य नव्हतं. म्हणूनच मला धीर आला. मी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थांबले आणि म्हटलं, “मी बाईंना खोटं सांगितलं.”

नसीमने कानाला हात लावला. “काय?”

“मी खोटं सांगितलं!”

तिने मान हलवली, ऐकू येत नाही. ती आणखी जवळ आली. मी डबा छातीशी धरला, डोळे मिटले आणि आमच्या घरी सगळे ओरडतात तसं, जीव खाऊन ओरडले. नेमके तेव्हाच दिवे गेले. भिवंडीत ते रोजच जायचे, पण कधी जातील हे कुणी सांगू शकत नसे. सगळे माग एका ठोक्यात थांबले, आणि त्या शांततेत, त्या कोपऱ्यापासून या कोपऱ्यापर्यंत, माझा आवाज घुमला:

“तुझा खोकला जुनाच होता! मला माहीत होतं! मी मुद्दाम केलं!”

कारागीर माझ्याकडे बघायला लागले. त्यांतल्या निम्म्यांना मराठी कळत नव्हतं, पण पोरगी काहीतरी कबूल करते आहे एवढं कुठल्याही भाषेत कळतं. बाबांनीही ऐकलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना माझं बोलणं एका झटक्यात ऐकू गेलं असावं. त्यांनी मान वर केली, माझ्याकडे बघितलं, मग पुन्हा वाकून तोच बोल्ट आवळायला लागले, जो आधीच आवळलेला होता.

वरून चाचींचा आवाज आला. “काय झालं गो? काय जुनं म्हणते ती?”

नसीमने माझ्यावरची नजर काढली नाही. “काय नाय अम्मी,” ती वर बघून म्हणाली. “सरावाचे जुने पेपर मागते.”

“मग दे की तिला! बिचारी मागते तर!”

नसीम वर गेली. मी त्या थांबलेल्या मागांमध्ये उभी होते. ती सातवीचे सरावाचे पेपर सुतळीने बांधून घेऊन आली आणि माझ्या डब्यावर ठेवले. आठवीतल्या मुलीला ते कशाला हवेत, असं चाचींना विचारावंसं वाटलं नाही. माझ्यावर त्यांचा तेवढा विश्वास होता.

“अम्मीने तुला स्वतःच्या हाताने वाढलं,” नसीम हळू आवाजात म्हणाली. “तिला कळलं तर तिला वाईट वाटेल. म्हणून नाय सांगितलं.” आणि वर निघून गेली.

बाबा त्या दिवशी माझ्याबरोबर घरी चालत आले.  घराच्या दाराशी त्यांनी माझ्या हातातले पेपर घेतले, चाळून बघितले आणि म्हणाले, “हे सोडव आता. आणलेच आहेस तर.” मी सोडवले. सगळे. तपासायला कुणी नव्हतं.

दहावीपर्यंत आम्ही एकाच वर्गात होतो. नसीम माझ्याशी नीट बोलायची. वही मागितली तर द्यायची, गणित अडलं तर समजावून सांगायची, ईदला डबा पाठवायची. फक्त दुसऱ्या बाकावर बसायची. तिचं लग्न माझ्यानंतर झालं, मी मुलाला कडेवर घेऊन गेले होते. तिने मला फोटोसाठी जवळ बोलावलं, माझ्या मुलाचं नाव विचारलं. तिचं सासर आखातात आहे, आणि तिथे, ऐकते, ती खोकत नाही. इतक्या वर्षांत ती माझ्यावर एकदाही रागावली नाही. रुसली असती, तर समजूत तरी काढता आली असती.